एनडीएपूर्व प्रशिक्षणाची दोन वर्षे

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) पुण्याजवळ खडकवासल्याला आहे; तरीही सैन्यदलांच्या अधिकारीवर्गात मराठी मुले कमी, ही जुनी खंत. तिच्यावर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनाने 1977 साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. ती 'एसपीआय' याच नावाने ओळखली जाते. दहावीनंतर निवडलेली मुले अकरावी-बारावी तेथे राहून करतात.

पहाटेची कवायत, कॉलेज, एनडीएचे तास, मैदान आणि रात्रीचा अभ्यास हा दिनक्रम दमवणारा खरा, पण अंगवळणी पडतो. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. बारावीच्या वर्षातली साधारणपणे सप्टेंबरात येते. कॉलेजात तेव्हा बारावीचे गणित पुरते शिकवूनही झालेले नसते. ते आधीच संपवावे लागते. गणिताला 300, सामान्य क्षमतेला 600 गुण असतात आणि उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापले जातात. त्यामुळे कोणता प्रश्न सोडायचा, हेही शिकावे लागते.

लेखी परीक्षेइतकेच, म्हणजे 900 गुण, सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) मुलाखतीला असतात. ही निवड पाच दिवस चालते. एका चाचणीत 60 शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येकावर 15 सेकंदांत वाक्य लिहायचे असते. घोकलेली वाक्ये येथे फारशी कामाची नाहीत, कारण मानसशास्त्रीय चाचण्या, मुलाखत आणि गटकार्य यांतून दिसणारा मुलगा एकच आहे का, हे तपासले जाते. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी समजत असते. अनोळखी गटात बोलायला मात्र तोंड उघडत नाही. माझ्या मते वसतिगृहाचा मोठा उपयोग इथेच होतो. रोज चारचौघांत बोलण्याची, चुकण्याची सवय शिकवणीच्या वर्गात लागत नाही.

निवड न झाल्यास किंवा वैद्यकीय तपासणीत अडल्यास मात्र किंमत मोजावी लागते: याच दोन वर्षांत बरोबरीच्या मुलांनी अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी केलेली असते. पालकांनी हे आधीच धरून चालावे. पदवीनंतर सीडीएस परीक्षेचा मार्ग उरतो. तिचे पेपर वेगळे असले, तरी पुढे एसएसबीचे तेच पाच दिवस असतात.