तिरकमठा तासताना

आपल्या जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे आदिवासी वस्त्या आहेत. भिल्ल-भिलाला बांधवांचा तिरकमठा बांबूचा. दोरीसुद्धा बहुधा बांबूच्या कामटीचीच. ही कला जाणत्या म्हाताऱ्यांकडून मुलांनी वेळीच शिकून घ्यावी.

बांबू भरीव मानवेलीचा, तीन वर्षांचा घ्यावा. पावसाळा सरल्यावर तोडावा, म्हणजे भुंगा कमी लागतो. सावलीत वाळवून उभा चिरावा. बाहेरची गुळगुळीत पाठ ताण सोसते. तिला हत्यार लावू नये. तासायचे ते आतल्या अंगाने.

खरी परीक्षा पुढेच. दोरी लावून थोडेसे ओढावे व दुरून पाहावे. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. जी ताठ राहील तीच तासावी. वाकणारी बाजू तासाल तर कमठा तिथेच मोडेल, कामटी तोंडावर येईल. एकदा तासा, दहादा पाहा. पूर्ण ताण अगदी शेवटी.

मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे. रानडुकरांनी पीक उकरले तरी बाण सोडू नका. लगेच वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. मुलांनी नेम धरावा तो कडब्याच्या पेंढीवर, तोही मोठ्यांच्या देखत.