कुलूप, कूळ आणि करार

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की आक्षी, नागाव, चौल ही गावे लागतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या आत कौलारू घरे. यांतली कितीतरी घरे गणपतीचे दिवस आणि मे महिना सोडला तर बंद असतात. मालक मुंबईला, डोंबिवलीला नाहीतर पुण्याला. दुसरीकडे याच पट्ट्यात बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, परिचारिका, थळच्या खत कारखान्यात कंत्राटावर लागलेली मुले दोन खोल्यांसाठी दारोदार फिरत असतात. घर आहे, माणूसही आहे, तरी दार उघडत नाही. याचे कारण शोधताना मी जुन्या कायद्यांपर्यंत जाऊन पोहोचलो.

निमित्त घरचेच होते. माझ्या आत्याचे चौलकडचे घर अकरा पावसाळे बंद राहिले. मधल्या काळात एका प्राथमिक शिक्षिकेने ते भाड्याने मागितले होते. आत्या म्हणाली, "नको रे बाबा, घराला कूळ लागेल." त्या बाई परत गेल्या. पुढे घर उघडले तेव्हा माजघरावरची तुळई वाळवीने पोकळ केली होती आणि न्हाणीघराची भिंत खचली होती. भाडेकरू बळकावील म्हणून जपलेले घर वाळवीने खाल्ले.

आत्याच्या तोंडचा 'कूळ' हा शब्द मात्र उगाच आलेला नव्हता. या जिल्ह्यात त्याला मोठा इतिहास आहे. अलिबागजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांचा संप जाहीर झाला. खोतांची जमीन कसायची नाही, असा निर्धार कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली केला आणि उपासमार सोसून तो सुमारे सहा वर्षे पाळला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही संज्ञा आली, १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला त्यांना न्याय मिळाला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरांत मात्र "दुसऱ्याला आत घेऊ नये" ही शिकवण उरली.

दुसरी भीती मुंबईहून आली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी मुळात १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. त्यातून सुटण्यासाठी मालक 'भाडे' हा शब्द टाळून 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे केवळ राहण्याची परवानगी, असे करार करू लागले. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा चालू कराराने जागेत असलेले लोक कायद्याने भाडेकरू ठरले. चाळीत, ब्लॉकमध्ये हे पाहिलेले चाकरमानी गावी आले ते हा धडा घेऊनच. शेतातली एक आठवण आणि मुंबईतली एक, अशा दोन आठवणींनी मिळून आमच्या दाराला कुलूप लावले आहे.

आता या आठवणी आजच्या कायद्याशी ताडून पाहू. कूळकायदा शेतजमिनीचा आहे. मालकाने बांधलेले घर शिक्षिकेला राहायला दिले तर ती कूळ होत नाही. राहत्या जागेसाठी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची असते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. आपले गाव त्यात येते का, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे.

गावोगाव बोलताना मला तीन समज पुन्हापुन्हा ऐकू आले.

पहिला, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात ती आता निरुपयोगी आहे. कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे असे, की लेखी व नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे पाचशेच्या स्टँप पेपरवर सही घेऊन तो कपाटात ठेवणाऱ्याने आपला बचाव स्वतःच सोडून दिलेला असतो.

दुसरा, बारा वर्षे राहिला की घर त्याचे. १९६३ च्या मुदत कायद्यातली बारा वर्षे ही मालकाचा हक्क उघडपणे नाकारून, त्याच्या विरोधात ठेवलेल्या ताब्यासाठी आहेत. परवानगीने राहणारा कितीही वर्षे राहिला तरी त्याचा ताबा परवानगीचाच राहतो. ती परवानगी होती हे दाखवायला कागद लागतो, एवढेच.

तिसरा, भाडेकरूपेक्षा राखणदार बरा. वाडी शिंपायला, घर झाडायला एखादे कुटुंब मागच्या पडवीत ठेवायचे, कागद काहीच करायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. राखणदार किंवा नोकर कितीही काळ राहिला तरी त्याला जागेत हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस या गोव्याच्या खटल्यात २०१२ साली स्पष्ट केले. पण तो वाद तिथवर जाण्याचे कारण, कोण कोणत्या नात्याने राहतो आहे यावर दोन बाजूंची दोन म्हणणी होती. राखणदारालाही नेमणुकीचे पत्र द्यावे आणि पगार बँकेतून द्यावा. तेच त्याच्याही हिताचे आहे.

प्रत्यक्ष करायचे काय? खर्च फार नाही. समजा, भाडे महिना आठ हजार, परत करायची अनामत तीस हजार आणि मुदत अकरा महिने. एकूण भाडे ८८,००० आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज २,७५०. या ९०,७५० रुपयांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिकेच्या हद्दीत १,००० रुपये. साठ महिन्यांपर्यंतचा करार याच दराने होतो, आणि आधारवर अंगठा देऊन घरबसल्या नोंदवताही येतो.

करारात आपल्या किनाऱ्यापुरती चार कलमे आवर्जून घालावीत. एक, दिलेली जागा म्हणजे फक्त घर. वाडी कसायला दिलेली नाही आणि नारळ-सुपारीचे उत्पन्न मालकाचे. कूळकायद्याची खरी कड इथे आहे, म्हणून घर आणि वाडी यांची सरमिसळ होऊ देऊ नये. परसात चार मिरच्या लावायला कोणी हरकत घेऊ नये, पण ते परवानगीने आहे असे लिहावे. दोन, दरवर्षीची शाकारणी आणि वाळवीचे औषध कोणी करायचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छपरे उडाली तेव्हा हेच न लिहिल्यामुळे घरमालक आणि राहणारे भांडत बसलेले मी पाहिले. तीन, विहिरीचा पंप आणि वीजबिल. चार, गणपतीत मालकाचे कुटुंब येणार असेल तर कोणती खोली त्यांची. हे आधी ठरले नाही तर आरतीच्या वेळीच कटुता येते.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. १९९३ मध्ये याच जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली होती. ही नोंद किनाऱ्यावर केवळ उपचार नाही. मात्र नोंद म्हणजे जात, धर्म विचारून माणसाला दारातून परत पाठवण्याचा परवाना नव्हे.

मालकाचीही काही बंधने आहेत. भाडे घेतले की पावती द्यायची. वीज-पाणी तोडून माणसाला हुसकावण्याला कायद्याने मनाई आहे. मुदत संपली तरी सामान बाहेर फेकता येत नाही, जागा कायद्याच्या मार्गानेच परत घ्यायची. अनामत वेळेवर परत करावी. देताना भिंतींचे, नळांचे फोटो दोघांनी मिळून काढले असतील तर वादाला जागा उरत नाही.

चरीच्या संपाबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या मनात राहिली. त्या काळी कबुलायतीचा कागद खोताच्या सोयीचा असे आणि कूळ अंगठा उठवी. कुळांनी लढून मिळवली ती सातबारावरची आपल्या नावाची नोंद. या जिल्ह्यात ज्याचे नाव कागदावर नव्हते तोच माणूस नेहमी भरडला गेला. त्या इतिहासातून आम्ही कुलूप लावायला शिकलो, कागद करायला शिकलो नाही.

आत्याच्या घराची तुळई गेल्या वर्षी बदलली. आता तिथे एक परिचारिका आपल्या आईसह राहते. बावीस महिन्यांचा नोंदलेला करार आहे आणि त्यात वाडीचे कलम आत्याने स्वतः सांगून घातले. परवा तिने फोनवर एवढेच विचारले, "संध्याकाळी दिवा लावतात ना रे?" मी म्हटले, लावतात.