काच लख्ख, पाणी मात्र विषारी
सुरतेच्या कतारगाममध्ये नळाला येतं ते तापीचं पाणी. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं, असं भारतीय मानक सांगतं. माणसाला ते मानवतं, पण हेच पाणी घरातल्या माशांच्या काचटाकीत भरलं, की माशांचे कल्ले होरपळतात.

क्लोरीन काढलं तरी अमोनिया उरतोच, कारण तो मासेच सोडतात. टाकी लख्ख दिसते म्हणून निर्धास्त राहू नये!

अमोनिया तपासायच्या नेहमीच्या संचातले थेंब टाकीचं पाणी घेतलेल्या परीक्षानळीत टाकून काही मिनिटं थांबायचं. पाणी पिवळंच राहिलं तर ठीक; हिरवट झालं तर अमोनिया आहे. सोबत पीएचही मोजायलाच हवा. तो ७ वरून ८ वर गेला, की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. अमोनिया आढळला, तर माशांचं खाणं बंद करून, क्लोरीन काढलेलं पाणी घालत टाकीतलं निम्मं पाणी बदलावं.