निधी हवा की निगराणी?

रायगडच्या किनाऱ्यावर पैसा येतच नाही, असे म्हणता येणार नाही. शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याचा खर्च १७ हजार कोटींच्या पुढे गेला. उलट मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि भूसंपादन, परवानग्या व ठेकेदारांच्या अडचणींत वर्षानुवर्षे रेंगाळले. दर गणपतीला चाकरमान्यांना खड्डे मोजत जावे लागले.

महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने वाहून गेली. शेजारी नवा पूल उभा होता, तरी जुन्यावरून वाहतूक चालूच होती. कोसळलेल्या पुलाच्या जागी दुसरा पूल मात्र वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे मनावर घेतले की काम होते.

थोड्या खर्चातही मोठी सोय होते. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट गाड्यांसह तासाभरात पोहोचवते. रस्त्याने हेच अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास पडते.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळातली. त्यावरील काही खाडीपूल अजूनही पूर्ण झालेले नाहीत. नव्या घोषणांआधी निधी हवा तो या अर्धवट कामांना आणि जुन्या पुलांच्या तपासणीला.