होकाराची रीत, नकाराची सोय

जपानी प्रेमव्यवहाराची हजार वर्षं

हजार वर्षांपूर्वीच्या क्योतो शहरात, म्हणजे तेव्हाच्या हेइआन-क्योमध्ये, प्रेमिकाची परीक्षा सकाळी व्हायची. प्रेयसीच्या घरी रात्र काढून पहाटे परतलेल्या सरदाराने घरी पोचताच तिला पत्र पाठवायचं, असा शिरस्ता होता. पत्र जितकं लवकर येईल तितका त्याचा जीव तिच्यात गुंतला आहे असं समजायचं. उशीर झाला तर काय ते ओळखायचं. पत्रात कविता हवी, तीही पाच-सात-पाच-सात-सात अशा एकतीस अक्षरांत बसवलेली. कागदाचा रंग, त्याला दिलेला धुपाचा वास, पत्रासोबत बांधलेली फांदी हे सगळं ऋतूला शोभणारं हवं.

प्रेम आणि रूढी यांची गोष्ट आपण बहुतेक वेळा भांडणाची म्हणून सांगतो. एका बाजूला दोन जीव, दुसऱ्या बाजूला समाज. जपानचा इतिहास वाचताना मला ही मांडणी अपुरी वाटू लागली. रीत माणसाचं तोंड बंद करते हे खरंच, पण जे एरवी बोलताच आलं नसतं ते बोलायला रीतच वाट करून देते. मग कोणती रीत माणसाच्या बाजूची आणि कोणती त्याच्या विरुद्ध, हे ओळखायचं कसं? माझ्या मते त्याची एक खूण आहे. त्या रीतीत 'नाही' म्हणायची सोय आहे का, आणि ती कोणाला आहे, हे पाहायचं.

पडद्याआडून

हेइआन काळ ७९४ ते ११८५ असा मानतात. या काळातली खानदानी स्त्री परपुरुषाला तोंड दाखवत नसे. बांबूच्या चिकांचे पडदे, कापडी पडद्यांच्या चौकटी आणि हातातला पंखा यांच्या आड तिचं आयुष्य जाई. पुरुषाला दिसली तर तिच्या बाहीची कड दिसायची, ऐकू आलंच तर वाद्य ऐकू यायचं. त्यामुळे माणूस ओळखायचा तो अक्षरावरून आणि कवितेवरून. पहिल्या पत्राला उत्तर सहसा तिची सखी-दासी लिही. तिने स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, म्हणजे गोष्ट एक पाऊल पुढे सरकली.

या रीतीतून साहित्य उभं राहिलं. दरबारी पुरुष कारभार चिनी भाषेत करत, तर स्त्रिया घरातली जपानी भाषा काना लिपीत लिहीत. प्रेमपत्रासाठी घोटलेला हात पुढे गद्याकडे वळला. मुरासाकी शिकिबूची 'गेंजी मोनोगातारी' ही ५४ प्रकरणांची कादंबरी अकराव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि तिच्यात पात्रांच्या तोंडच्या सातशेहून अधिक कविता आहेत. तिची समकालीन सेई शोनागोन हिने तर प्रियकराने पहाटे निघावं कसं, यावरही लिहून ठेवलं आहे. पाय निघत नाही असं दिसलं पाहिजे. अंधारात पंखा आणि कागद चाचपडत खुडबुड करणारा पुरुष तिला मुळीच आवडत नाही.

लग्नाचीही वेगळी पद्धत होती. पुरुष स्त्रीच्या घरी लागोपाठ तीन रात्री येई. तिसऱ्या रात्री दोघांनी तांदळाच्या वड्या, म्हणजे मोची, खायच्या आणि मग तिच्या घरचे लोक मेजवानी देऊन नातं उघड करत. तिसऱ्या रात्री तो आला नाही, तर पुढचं सगळं थांबायचं. लग्नानंतरही बायको अनेकदा माहेरीच राही आणि नवरा येऊन-जाऊन असे.

या व्यवहारात स्त्रीला नकार देता येई तो न बोलता. पत्राला उत्तर द्यायचं नाही, किंवा दार उघडायचं नाही. 'कागेरो निक्की' या दहाव्या शतकातल्या रोजनिशीची लेखिका इतिहासात 'मिचित्सुनाची आई' एवढ्याच नावाने उरली आहे. तिचा नवरा फुजिवारा नो कानेइए दुसऱ्या एका स्त्रीकडे जाऊ लागला. एका पहाटे त्याने येऊन दार वाजवलं, तिने ते उघडू दिलं नाही, आणि तो सरळ त्या दुसरीकडे गेला. सकाळी हिने कोमेजू लागलेल्या शेवंतीला कविता बांधून त्याला पाठवली. रागही रीतीतच व्यक्त झाला आणि हजार वर्षं टिकला. पण या नकाराची मर्यादाही त्याच प्रसंगात आहे. दार बंद करण्याचा हक्क तिला होता, दुसऱ्या दाराशी जाण्याचा मात्र त्याला एकट्यालाच होता.

'गेंजी'मध्ये याहून कठीण प्रसंग आहे. एका मांजरीच्या गळ्यातली दोरी अडकून पडदा बाजूला होतो आणि काशिवागी नावाच्या तरुणाला गेंजीची पत्नी, तिसरी राजकन्या, क्षणभर दिसते. काही वर्षांनी तिच्याच दासीला गळ घालून तो आत शिरतो. या सगळ्यात तिची इच्छा कुणी विचारलेली नाही. पडदा तिचं रक्षण करत होता, पण पडद्यापाशी बसलेली माणसं फितूर झाल्यावर तिच्या 'नाही'ला काही अर्थ उरला नाही. शेवटी ती संन्यास घेते. जोगीण होणं हाच तिला स्वतःच्या बळावर देता आलेला नकार होता. हे एका स्त्रीने, त्याच पडद्याआड बसून लिहिलं आहे हे विसरता येत नाही.

नकाराची वाट बंद झाली

सत्ता सामुराईंच्या हाती गेली तशी लग्नाची दिशाही पालटली. आता बायको नवऱ्याच्या घरी जाऊ लागली आणि लग्न हे जमिनीचं आणि घराण्यांच्या तहाचं साधन झालं. तोकुगावा राजवटीने १६१५ साली लष्करी घराण्यांसाठी जे नियम काढले, त्यांत परस्पर लग्न जुळवायला मनाई होती. दोन सरदारांची सोयरीक म्हणजे उद्याची युती, ही भीती त्यामागे होती.

व्यापाऱ्यांच्या शहरांत तलवारीऐवजी पैसा आणि घराण्याचा शब्द होता. १७०३ साली ओसाकात एका दुकानातला नोकर आणि एक गणिका यांनी सोनेझाकीच्या रानात एकत्र जीव दिला. महिन्याभरात चिकामात्सु मोन्झाएमोन याने त्यावर 'सोनेझाकी शिंजू' हे बाहुलीनाट्य रंगमंचावर आणलं. नाटकातला तोकुबेई काकाने ठरवलेल्या मुलीशी लग्न करायला नाही म्हणतो. पण त्याच्या सावत्र आईने हुंड्याची रक्कम आधीच घेतलेली असते. ती कशीबशी परत मिळवावी, तर एक मित्र ती घेऊन उलटतो. नकार द्यायला पैसे लागतात आणि ते त्याच्याकडे नाहीत. त्याची प्रेयसी ओहात्सु ही गणिका तर विकली गेलेली. तिला नकाराचा प्रश्नच नव्हता.

लोकांनी हे नाटक डोक्यावर घेतलं. अशा नाटकांची आणि अशा मरणांचीही लाट आली, तेव्हा १७२०च्या दशकात सरकारने या विषयावरची नाटकं बंद केली आणि वाचलेल्या जोडप्यांना कडक शिक्षा ठरवल्या. बंदी नाटकावर आली. मुलाला किंवा मुलीला 'नाही' म्हणता यावं अशी एकही वाट काढली गेली नाही. या मृत्यूंना प्रेमाची उदात्त परिसीमा म्हणण्याचा मोह मला पटत नाही. ही सगळी दारं बंद झालेली माणसं होती.

कलम चोवीस

मेइजी काळात रेल्वे आली, घटना आली, पण १८९८च्या नागरी कायद्याने कुटुंबप्रमुखाचा अधिकार अधिकच पक्का केला. लग्नाला त्याची संमती लागे. शिवाय तीस वर्षांच्या आतल्या पुरुषाला आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या स्त्रीला आईवडिलांचीही परवानगी घ्यावी लागे.

हे बदललं दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यात बाविशीतल्या एका तरुणीचा वाटा होता. बेआते सिरोटा मूळची व्हिएन्नाची. वडील पियानोवादक, त्यामुळे तिचं बालपण तोक्योत गेलं आणि ती अस्खलित जपानी बोले. १९४६च्या फेब्रुवारीत, युद्धात हरलेला जपान अमेरिकेच्या ताब्यात असताना, अमेरिकन लष्करी मुख्यालयातल्या तिच्या गटाला जपानच्या घटनेचा मसुदा काही दिवसांत तयार करायचा होता. स्त्रियांच्या हक्कांची कलमं तिच्याकडे आली. न विचारता लग्नं ठरलेल्या मुली तिने लहानपणी पाहिल्या होत्या. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या घटनेचं २४वं कलम सांगतं की विवाह केवळ दोघांच्या परस्पर संमतीवर आधारलेला असेल. या कामाबद्दल ती कित्येक दशकं गप्प राहिली.

कायदा एका दिवसात बदलला, रीत हळूहळू बदलली. १९३०च्या दशकातली सुमारे सत्तर टक्के लग्नं मध्यस्थांमार्फत ठरलेली होती. १९६०च्या दशकाच्या शेवटी प्रेमविवाहांचं प्रमाण त्यांच्या पुढे गेलं. मधल्या काळात, १९५७ साली, कारुइझावाच्या टेनिस कोर्टवर युवराज आकिहितो यांची शोदा मिचिको यांच्याशी भेट झाली. १९५९च्या एप्रिलमध्ये त्यांचं लग्न झालं. राजघराण्याबाहेरची, उमरावही नसलेली मुलगी युवराज्ञी झाली, ती टेनिस खेळताना भेटलेली. हे लग्न पाहण्यासाठी घरोघरी टीव्ही घेतले गेले.

मध्यस्थाचं काम

ठरवून होणाऱ्या लग्नासाठीच्या भेटीला जपानीत 'ओमिआई' म्हणतात. नाकोदो, म्हणजे मध्यस्थ, दोन्हीकडचे फोटो आणि घराणं, शिक्षण, नोकरी, छंद यांचा कागद पोचवतो. भेट हॉटेलात किंवा उपाहारगृहात होते. थोड्या गप्पा झाल्या की मोठी माणसं उठतात आणि दोघं बागेत फिरायला जातात. उत्तर नंतर मध्यस्थाकडे जातं. नकार असेल तर तो अशा शब्दांत पोचवायचा की समोरच्यात काही उणं आहे असं वाटू नये.

आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाशी याचं साम्य सहज दिसतं, पण फरकही लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी येतात आणि ट्रे घेऊन बाहेर येते ती मुलगी. ओमिआईत भेटीची जागा कुणाचीच नसते. कोणी कोणाच्या उंबऱ्यावर उभं नसतं, त्यामुळे उठून जाणं दोघांनाही थोडं सोपं जातं.

अर्थात तिथेही सगळं सरळ नव्हतं. तानिझाकी जुनइचिरो याची 'सासामेयुकी' ही कादंबरी युकिको नावाच्या मुलीच्या एकामागून एक ओमिआईंची आहे. घरचे गुप्तपणे चौकशा करतात, जुन्या वैभवाच्या तोऱ्यात चांगली स्थळं परतवतात, आणि वय वाढतं तशी त्यांनाच मान खाली घालावी लागते. युकिको स्वतः जवळजवळ बोलतच नाही. नकार तिच्या नावाने जातात, पण त्यातले तिचे किती हे वाचकाला शोधावं लागतं.

थेट प्रश्न, थेट उत्तर

मध्यस्थ मागे पडले तेव्हा तरुणांनी स्वतःची रीत घडवली. आजच्या जपानात दोघं नुसती बरोबर फिरली म्हणून त्यांचं जमलं असं होत नाही. एकाने समोर येऊन स्पष्ट सांगावं लागतं: तू मला आवडतेस, माझ्याशी नातं ठेवशील का? याला 'कोकुहाकु' म्हणतात. शाळेच्या गच्चीवर, मैदानामागे, आता लाइन अॅपवरही हे घडतं. प्रश्न विचारणाऱ्याची छाती धडधडते, पण प्रश्न स्पष्ट असल्यामुळे उत्तरही स्पष्ट देता येतं. माझ्या मते या रीतीचं मोल इथेच आहे. कोणाच्या हसण्याचा अर्थ होकार असा लावून घ्यायला तिच्यात फारशी जागा नाही.

मुलींनी पहिलं पाऊल उचलणं मात्र अवघड मानलं जाई. त्यावर उपाय निघाला चॉकलेटचा. १९५०च्या दशकाच्या शेवटी तोक्योतल्या एका चॉकलेट कंपनीने व्हॅलेंटाईन दिवसाची विक्री सुरू केली, आणि पुढे १४ फेब्रुवारीला मुलींनी मुलांना चॉकलेट द्यायचं असं ठरून गेलं. परतफेडीसाठी १४ मार्चचा 'व्हाइट डे' मिठाईवाल्यांनीच १९८०च्या सुमारास रुजवला. कारण धंद्याचं होतं, तरी वर्षातला एक दिवस मुलीला आपल्या मनातलं आधी सांगण्याची मुभा मिळाली. मुलांचीही एक खूण आहे: शाळेच्या निरोपाच्या दिवशी गणवेशाच्या कोटाचं दुसरं बटण, हृदयाजवळचं, आवडत्या मुलीला द्यायचं.

पण रीत मुरली की तिचं ओझं होतं. ऑफिसात सगळ्या पुरुष सहकाऱ्यांना 'कर्तव्याचं चॉकलेट' वाटणं बायकांवर बंधनकारक होऊन बसलं. इथे पुन्हा 'नाही'ची सोय संपली होती. २०१८ साली गोडिवा या चॉकलेट कंपनीनेच वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ही प्रथा थांबवूया असं आवाहन केलं. आता बऱ्याच मुली मैत्रिणींना किंवा स्वतःलाच चॉकलेट घेतात.

रिकामी झालेली जागा

१९७२ साली जपानमध्ये सुमारे अकरा लाख लग्नं झाली. २०२३ साली हा आकडा ४ लाख ७४ हजारांवर आला, नव्वद वर्षांत पहिल्यांदा पाच लाखांखाली. यामागे अनिश्चित नोकऱ्या आहेत, लांबलेले कामाचे तास आहेत, आणि लग्नानंतर बाईवरच पडणारा घराचा भार आहे. शिवाय स्थळ सुचवणारे शेजारी आणि ऑफिसातले वरिष्ठही राहिले नाहीत, त्यामुळे जोडीदार ज्याचा त्यानेच शोधायचा. समाजशास्त्रज्ञ यामादा मासाहिरो यांनी २००७ मध्ये लग्नासाठीच्या या धडपडीला नोकरी शोधण्याच्या धर्तीवर 'कोनकात्सु' असं नाव दिलं. २०२४ मध्ये तोक्योच्या महानगर सरकारने स्वतःचं जोड्या जुळवणारं अॅप काढलं. त्यात अविवाहित असल्याचा आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. जुन्या नाकोदोचं काम आता सरकार करू पाहतं आहे.

या घटत्या आकड्यांवरून अनेक जण हळहळतात. मला त्यात दुसरी बाजूही दिसते. आज लग्न न करणाऱ्या कित्येक स्त्रिया त्यांच्या आज्यांना न मिळालेला नकार वापरत आहेत. त्यांना लग्नाकडे वळवायचं असेल तर होकारामागून येणारं आयुष्य बदलावं लागेल. आणि ज्यांना होकार द्यायचा आहे पण कायदा देऊ देत नाही, अशीही माणसं आहेत. २०२४च्या मार्चमध्ये साप्पोरोच्या उच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारणं घटनाबाह्य ठरवलं, ते त्याच चोविसाव्या कलमाच्या आधारे.

मराठी घरांतही आज जुन्या आणि नव्या रीती एकत्र नांदतात. विवाहसंस्थांची संकेतस्थळं, डेटिंग अॅप, मावशीने आणलेलं स्थळ, कॉलेजातली ओळख यांपैकी काहीही वाईट नाही. पण प्रत्येक ठिकाणी घरातल्या मोठ्यांनी एक गोष्ट ठरवून करावी असं मला मनापासून वाटतं. मुलीला किंवा मुलाला 'नाही' म्हणायचं असेल तर ते कोण ऐकणार, कोण पोचवणार आणि त्यानंतर घरात कोणी अबोला धरणार नाही ना, हे आधीच सांगून टाकावं. ज्याला निर्धास्तपणे नकार देता येतो, त्याच्याच होकारावर पुढचं आयुष्य उभं करता येतं.