पंधरा सेकंदांची गाणी : जपानी खाऊच्या जाहिरातींचा मागोवा

जपानमध्ये खासगी नभोवाणी १९५१ साली सुरू झाली, खासगी दूरचित्रवाणी १९५३ साली. जाहिरातीसाठी मुद्दाम गाणी रचण्याचा धंदाही याच काळात उभा राहिला आणि त्याचा पाया घातला तोरिरो मिकी या संगीतकाराने. एका छायाचित्रण-साहित्याच्या कंपनीसाठी त्याने १९५१ मध्ये केलेले गाणे देशातले पहिले जाहिरातगीत मानले जाते. गंमत अशी की, त्यात कंपनीचे नावच नव्हते.

खाऊच्या कंपन्यांना एवढा संयम परवडणारा नव्हता. गोळी किंवा चॉकलेट दुकानात नाव घेऊन मागितले जाते आणि मागणारे बहुधा मूल असते. त्यामुळे नाव तोंडात बसवणे हेच गाण्याचे काम ठरले. मिकीच्याच हाताखाली तयार झालेल्या ताकू इझुमीने मेइजी चॉकलेटसाठी केलेली चाल कंपनीच्या नावावरच येऊन थांबते. बुनमेइदो या केकवाल्यांनी ओफेनबाखच्या कॅनकॅन नृत्याची धून उचलली, तिच्यावर बाहुल्यांची अस्वले नाचवली आणि शब्दांत चक्क दुकानाचा दूरध्वनी क्रमांक घातला. असल्या गाण्यांना हलके समजण्याचे कारण नाही. ‘होतारू नो हाका’ ही युद्धकाळातल्या अनाथ भावंडांची कथा लिहिणारा आकियुकी नोसाका तरुणपणी मिकीच्या कचेरीत जाहिरातगीतेच लिहीत होता.

१९६७ मध्ये मोरिनागा या खाऊ कंपनीने ‘एल’ चॉकलेट आणले. संगीतकार नाओझुमी यामामोतो पडद्यावर हातवारे करत मोठ्या जमावाकडून गाणे म्हणवून घेई. आशय इतकाच, की मोठे असणे चांगलेच. अर्थव्यवस्था झपाट्याने वाढत असलेल्या देशाला ते वाक्य असे भावले की ते चॉकलेटपुरते उरलेच नाही.

१९७० च्या दशकात सूर बदलला. मेइजीने १९७१ मध्ये ‘चेल्सी’ ही गोळी आणली. तिच्या गाण्याचे शब्द काझुमी यासुईचे आणि चाल आसेई कोबायाशीची. लोकसंगीताच्या वळणाची ही शांत चाल पुढे वेगवेगळ्या गायकांनी गायली. गोळीची विक्री मात्र २०२४ मध्ये बंद झाली. याच दशकात तात्सुरो यामाशितासारखे तरुण रॉक संगीतकारही चॉकलेटच्या जाहिरातींसाठी चाली बांधू लागले. ज्यांच्या तबकड्या अजून खपत नव्हत्या, त्यांना यातून पैसे मिळत आणि उत्तम स्टुडिओत काम करायला मिळे.

खरा उलटफेर झाला तो दशकाच्या शेवटी. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी नवी रीत पाडली. जाहिरातीसाठी वेगळे गाणे करायचे नाही. बाजारात येणारी तबकडीच जाहिरातीत वाजवायची. जपानी लोक याला ‘टायअप’ म्हणतात. गाण्यातून वस्तूचे नाव गेले, कारण नाव असलेले गाणे इतरत्र कोण वाजवणार? एनएचके ही सार्वजनिक वाहिनी तर व्यापारी नावांना फाटाच देते. बदल्यात कंपनीला ताजे गाणे मिळे आणि गायकाला रोजची फुकट प्रसिद्धी.

खाऊच्या क्षेत्रात या रीतीचा सर्वांत मोठा लाभ ग्लिको या कंपनीने उठवला. १९८० च्या उन्हाळ्यात तिच्या आइस्क्रीमच्या जाहिरातीत सेइको मात्सुदाचे ‘आओइ सांगोशो’ वाजले आणि या नवख्या गायिकेचे नाव देशभर झाले. पुढच्याच वर्षी ग्लिकोच्याच पॉकी या चॉकलेट लावलेल्या बिस्किटांच्या काड्यांसाठी तिचे ‘काझे ताचिनु’ आले. शब्द ताकाशी मात्सुमोतोचे, संगीत एइइची ओताकीचे. पॉकीच्या काड्यांचा त्यात उल्लेखही नाही. आहे ती शरद ऋतूची हुरहूर. चॉकलेटचा हंगाम शरदात सुरू होतो, एवढा धागा पुरेसा होता.

१९९० च्या दशकात सीडीचा बाजार फुगला आणि टायअप ही पद्धत न राहता जवळजवळ अटच झाली. जपानी टीव्हीवरची जाहिरात बहुधा पंधरा सेकंदांची असते. तेवढ्यात बसेल असे धृपद आधी घडवायचे आणि बाकीचे गाणे त्याच्याभोवती रचायचे, असा क्रम रूढ झाला. संगीताच्या दृष्टीने हा सौदा महागच पडला. त्या काळातली कितीतरी गाणी धृपदाबाहेर पोकळ वाटतात. तोक्यो जिहेन या बँडने मात्र बंधनाचाच खेळ केला. ग्लिकोच्या च्युइंगमच्या जाहिरातीत वाजलेले त्यांचे २००९ चे ‘नोदोतेकी सानपुनकान’ बरोबर तीन मिनिटांचे आहे, आणि शीर्षकातही तीन मिनिटेच आहेत.

दरम्यान नाचाला महत्त्व आले होते. २००६ च्या सुमारास ऑरेंज रेंज या बँडच्या गाण्यावर अभिनेत्री युई आरागाकी पॉकी हातात घेऊन नाचली आणि ती एकदम प्रसिद्ध झाली. ऐकणाऱ्याने गुणगुणण्यापेक्षा पाहणाऱ्याने नक्कल करावी, हे नव्या जाहिरातींचे उद्दिष्ट बनले. इंटरनेटवरच्या चित्रफितींनी त्याला बळ दिले. पुढे पॉकीने ‘शेअर हॅपिनेस’ हे घोषवाक्य घेतले आणि सानदाइमे जे सोल ब्रदर्स या नाचणाऱ्या गटाचे जे गाणे तिच्या जाहिरातीत आले, त्याचे नाव होते ‘शेअर द लव्ह’. वस्तूचे नाव अजूनही बाहेरच होते, पण तिच्या घोषवाक्यातला शब्द गाण्याच्या शीर्षकात येऊन बसला होता.