दारात येणारे दुसरे बिल

परदेशी पाठवलेल्या पार्सलाचे पैसे पाठवणाऱ्याने कुरिअरच्या कार्यालयात आधीच मोजलेले असतात, आणि तरीही ते पलीकडच्या दारात पोहोचते तेव्हा घेणाऱ्यापुढे आणखी एक बिल ठेवले जाते. ते कोणी आकारले आणि कशापोटी, याची कल्पना बहुतेकांना नसल्यामुळे सगळा रोष कस्टमच्या नावावर जमा होतो. प्रत्यक्षात या व्यवहारात तीन निरनिराळ्या रकमा गुंतलेल्या असतात : माल वाहून नेण्याचे भाडे, त्या देशाच्या सरकारने घेतलेला कर, आणि तो कर सरकारदरबारी भरण्याचे काम केल्याबद्दल कुरिअर कंपनीने किंवा टपालखात्याने लावलेले सेवाशुल्क. यांपैकी तिसऱ्या रकमेची चर्चा सर्वांत कमी होते आणि लहान पार्सलाला तीच सर्वांत जड जाते.

भाड्याचा हिशेब केवळ वजनावर होत नाही. विमानात जागा मर्यादित असल्यामुळे कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात, त्याला साधारणतः 5000 ने भागतात आणि येणाऱ्या आकड्याला ‘व्हॉल्युमेट्रिक’ म्हणजे आकारमानावरून काढलेले वजन मानतात. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांतले जे अधिक, त्यावर भाडे लागते. दिवाळीच्या फराळाला हा नियम चांगलाच बाधतो. 40 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरच्या खोक्यात पातळ पोह्यांचा चिवडा, चकल्या आणि कडबोळी भरली आणि काट्यावर ती साडेचार किलो भरली, तरी हिशेबात ते खोके 7.2 किलोचे ठरते आणि पुष्कळदा पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वाढवून साडेसात किलोचे भाडे घेतले जाते. चकली मोडू नये म्हणून भोवती घातलेल्या कागदाच्या बोळ्यांचेही भाडे त्यातच आले. इंधन अधिभार आणि दूरच्या गावी पोचवण्याचा अधिभार त्यावर वेगळा असतो.

सरकारी कर तीन गोष्टींवरून ठरतो : वस्तू कोणती, तिचे मूल्य किती आणि ती कोणत्या देशात तयार झाली. वस्तू ओळखण्यासाठी जगभरच्या व्यापारात 1988 पासून एक समान संकेतप्रणाली वापरात असून तिचे पहिले सहा अंक सर्व देशांत सारखे असतात, पुढचे अंक आणि कराचे दर मात्र ज्याचे त्याचे. मूल्य मोजण्याची रीतही सगळीकडे एक नाही. अमेरिका वाहतूकखर्च वगळून निव्वळ वस्तूच्या किमतीवर शुल्क आकारते, तर भारत त्या किमतीत भाडे आणि विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर आकारतो. हवाई वाहतुकीचा खर्च मात्र वस्तुमूल्याच्या 20 टक्क्यांहून अधिक धरला जात नाही, ही भारतीय नियमांतली सवलत पुष्कळांना माहीत नसते.

भारतात येणाऱ्या वस्तूवरचा कर थरांनी चढतो. समजा, भाडे-विमा धरून एखाद्या वस्तूचे मूल्य 10,000 रुपये आहे, तिच्यावर मूळ सीमाशुल्क 10 टक्के आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर 18 टक्के आहे. आधी 1,000 रुपये सीमाशुल्क लागते, मग त्या शुल्काच्या दहा टक्के म्हणजे 100 रुपये समाजकल्याण अधिभार, आणि त्यानंतर 18 टक्क्यांचा कर मूळ दहा हजारांवर न लागता 11,100 रुपयांवर लागून 1,998 रुपये होतो. एकूण कर 3,098 रुपये, म्हणजे जवळजवळ 31 टक्के. दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस, असा साधा अंदाज बांधणाऱ्याची येथे फसगत होते.

आता तिसरी रक्कम. पार्सल विमानतळावर अडकून राहू नये म्हणून कुरिअर कंपनी कर स्वतःच्या खिशातून आधी भरते आणि नंतर ग्राहकाकडून वसूल करते, आणि या उचलीपोटी व कागदपत्रांच्या कामापोटी आपले शुल्क लावते. काम खरे आहे, त्यामुळे मोबदला मागणे गैर म्हणता येत नाही. अडचण अशी की हे शुल्क बहुधा ठरावीक किंवा किमान रकमेचे असते, त्यामुळे पार्सल जितके लहान तितका त्याचा भार मोठा. ब्रिटनमध्ये खासगी व्यक्तीने पाठवलेली 39 पौंडांपर्यंतची भेट करमुक्त आहे. वाहतूकखर्च बाजूला ठेवला, तर 40 पौंडांच्या भेटीवर 20 टक्क्यांनी 8 पौंड कर होतो, आणि रॉयल मेल या तेथील टपालसंस्थेचे हाताळणीशुल्कही अनेक वर्षे 8 पौंडच राहिले आहे. म्हणजे कर जेवढा, तेवढाच तो गोळा करण्याचा खर्च. हजार पौंडांच्या कॅमेऱ्याच्या ग्राहकाला हे आठ पौंड जाणवतही नाहीत. नातवाला स्वेटर पाठवणाऱ्या आजीच्या भेटीवर ते दुप्पट ओझे होऊन बसतात, आणि ही विषमता अन्यायाचीच आहे.

लहान पार्सलावर कर न घेण्याची प्रथा याच जाणिवेतून आली. अमेरिकेने 1930 च्या शुल्क कायद्यात 1938 मध्ये दुरुस्ती करून, जेथे वसुलीचा खर्चच उत्पन्नाहून अधिक होईल तेथे शुल्क सोडून देण्याची मुभा दिली. तेव्हा सर्वसाधारण मालासाठी ही मर्यादा अवघी 1 डॉलर होती. 1993 च्या कायद्याने ती 200 डॉलर झाली आणि 2016 मध्ये 800 डॉलर. ऑनलाइन खरेदीच्या काळात या सवलतीचे रूपच पालटले. 2015 च्या वित्तीय वर्षात अशी सुमारे 14 कोटी पार्सले अमेरिकेत आली होती, 2024 मध्ये ती 136 कोटींवर गेली, आणि त्यांतला मोठा भाग चिनी विक्रेत्यांनी थेट ग्राहकाच्या नावे पाठवलेल्या स्वस्त मालाचा होता. सवलतीचा आधार घेऊन एवढा व्यापार उभा राहिल्यावर तिचा फेरविचार होणे स्वाभाविक होते. 2 मे 2025 पासून चीन व हाँगकाँगच्या मालासाठी आणि 29 ऑगस्ट 2025 पासून सर्वच देशांच्या मालासाठी अमेरिकेने ती थांबवली. मात्र मोठ्या विक्रेत्याला आवरण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाने दोन साड्या विकणाऱ्या घरगुती व्यावसायिकालाही त्याच चौकटीत बसवले.

महाराष्ट्रात त्याची झळ फराळाच्या हंगामातच लागली. अमेरिकेचा कर नेमका कोणी गोळा करायचा आणि कोणत्या मार्गाने भरायचा हे स्पष्ट न झाल्यामुळे विमानकंपन्यांनी अमेरिकेची टपाल पार्सले नेण्यास असमर्थता दाखवली, आणि भारतीय टपालखात्याने 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक सेवा थांबवली. सुरुवातीला पत्रे, कागदपत्रे आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळल्या होत्या, पुढे त्याही थांबल्या. दिवाळी तोंडावर आली असताना, 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या पद्धतीने : घोषित मूल्याच्या तेव्हा 50 टक्के असलेले शुल्क पाठवणाऱ्यानेच टपाल कार्यालयात आगाऊ भरायचे होते. पाच हजारांच्या मालामागे अडीच हजार आधी भरण्याची ऐपत प्रत्येक लहान विक्रेत्याची नव्हती. मात्र दारात अनपेक्षित बिल येण्याचा प्रश्न या पद्धतीने सुटला आणि टपालावर वस्तुपरत्वे आणखी शुल्क लागणार नाही, हेही खात्याने स्पष्ट केले.

भेटवस्तूंची 100 डॉलरची मुभा अमेरिकेने कायम ठेवली, पण ती व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या खऱ्या भेटीसाठी आहे, विक्रीच्या मालावर ‘गिफ्ट’ लिहिल्याने मिळणारी नव्हे. खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर आणखी एक बारकावा आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनाला आयात अन्नाची पूर्वसूचना द्यावी लागते. त्यातून सूट आहे ती एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी बनवून स्वतःच भेट म्हणून पाठवलेल्या अन्नाला. आईने घरी तळलेली चकली या सुटीत बसते, दुकानातून आणून पाठवलेली चकली बसत नाही, आणि फराळाच्या डब्यात बहुधा दोन्ही शेजारी शेजारी असतात.

उलट दिशेने, म्हणजे परदेशातून भारतात येणाऱ्या भेटींबाबत, नियम अधिक कडक आहेत. ऑनलाइन विक्रेते भेटींच्या करमाफीचा आडोसा घेतात असे आढळल्यावर परदेश व्यापार महासंचालनालयाने डिसेंबर 2019 मध्ये टपाल वा कुरिअरने ‘भेट’ म्हणून करमुक्त माल आणण्यास बंदी केली; अपवाद ठेवले ते जीवरक्षक औषधांचे आणि राखीचे. राखीसोबतची भेटवस्तू त्या अपवादात नाही. पूर्ण कर भरून भेट मागवता येते.

पार्सल पाठवताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक म्हणजे वस्तूंचे वर्णन आणि मूल्य. ‘घरगुती सामान, व्यापारी मूल्य नाही’ अशी मोघम नोंद कस्टम अधिकारी स्वीकारत नाहीत, ते स्वतःच्या अंदाजाने मूल्य ठरवू शकतात, आणि तो अंदाज प्रत्यक्ष किमतीहून जास्त निघाल्यास तो खोडून काढण्यासाठी खरेदीची पावती लागते. दुसरी गोष्ट, कर कोणी भरायचा याची निवड. कुरिअरच्या अर्जावर ‘डीडीपी’ म्हणजे कर पाठवणाऱ्याकडे, आणि ‘डीएपी’ किंवा जुन्या अर्जांवरील ‘डीडीयू’ म्हणजे कर घेणाऱ्याकडे. हा रकाना वाचल्याशिवाय सही करू नये. कारण घेणाऱ्याने बिल पाहून पार्सल नाकारले, तर परतीचे भाडे आणि साठवणुकीचा खर्च बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार पाठवणाऱ्याच्या नावे येतो, आणि परत पाठवणे महाग पडणारे पार्सल तिकडेच सोडून देण्यासही त्याचीच लेखी संमती मागितली जाते.